इडापिडा टळो म्हणणारा इंग्रजी शब्द नाकं कधी मुरडू लागला? ‘डेप्रिकेट’ची गोष्ट, मारबतीच्या साक्षीनं

पोळ्याचा दुसरा दिवस. पूर्व विदर्भातल्या गावांत बैलांचा सण आदल्या दिवशी आटोपलेला असतो, पोरं लाकडी नंदीबैल घेऊन तान्ह्या पोळ्याची वाट बघत असतात. पण त्याआधी पहाटे एक काम उरकायचं असतं. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या, गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, “इडा, पिडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!”

गोंदिया, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या पट्ट्यात याच प्रथेला नारबोद असंही म्हणतात. तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा याच पट्ट्यात येतं. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक असतं ते नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वारामुळे, नाहीतर तिथल्या तलावामुळे. जंगलाला लागून असलेल्या, भातशेतीच्या या मुलखात भाद्रपद सुरू होताना चिखल, डास, ताप, खोकला यांचा मुक्काम असतोच. त्यामुळे “घेऊन जा” ही हाक तिथं नुसती गंमत नव्हती. दवाखाना दूर आणि आजार दाराशी, अशा दिवसांत माणसाच्या हाती तेवढंच होतं.

आता या हाकेचा एका इंग्रजी शब्दाशी काय संबंध?

तो शब्द म्हणजे ‘डेप्रिकेट’. इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना तो भेटतो ‘नापसंती व्यक्त करणे’ या अर्थानं. एखाद्या देशाच्या परराष्ट्र खात्यानं हिंसाचार ‘डेप्रिकेट’ केला, म्हणजे त्याबद्दल नाराजी कळवली. इन्स्टाग्रामवर स्वतःचीच खिल्ली उडवणाऱ्या विनोदाला ‘सेल्फ-डेप्रिकेटिंग’ म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना तर तो रोज छळतो, कारण कोड चालवला की इशारा येतो, अमुक गोष्ट ‘डेप्रिकेटेड’ आहे. पण या शब्दाचा जन्म झाला तेव्हा त्याचा अर्थ होता, प्रार्थना करून एखादं संकट टाळणं. म्हणजे चक्क “घेऊन जा गे मारबत”.

लॅटिनमध्ये हात जोडलेले होते

या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘प्रेकारी’ म्हणजे विनवणं, मागणं, प्रार्थना करणं. त्याला ‘दे’ हा उपसर्ग लागला की ‘दूर’ अशी छटा येते. दोन्ही मिळून ‘देप्रेकारी’, म्हणजे विनवणी करून एखादी गोष्ट दूर सारणं. इंग्रजीतला ‘प्रे’, म्हणजे प्रार्थना करणं, हाही याच घरातला. शाप देणं या अर्थाचा ‘इम्प्रिकेट’ त्याचा चुलतभाऊ. एकानं वाईट दूर जावं म्हणून देवाला साकडं घातलं, दुसऱ्यानं ते कुणाच्या तरी डोक्यावर पडावं म्हणून.

रोमच्या वक्तृत्वशास्त्रात ‘देप्रेकातिओ’ नावाचा एक डावच होता. आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, कुठलीही सबब सांगायची नाही आणि थेट दयेची याचना करायची. बचावाला दुसरं काही उरलं नाही की वापरायचा हा शेवटचा उपाय. थोडक्यात, हा शब्द ताठ मानेनं बोलणाऱ्याचा नव्हता. तो हात जोडलेल्या माणसाचा होता.

याच घरातला आणखी एक शब्द आज फार चर्चेत असतो, ‘प्रिकेरियस’. आपण त्याचा अर्थ घेतो डळमळीत, धोक्याचं. पण मुळात त्याचा अर्थ होता, विनवणी करून मिळवलेलं. रोमन कायद्यात एखाद्यानं विनंती केल्यावर त्याला जमीन किंवा वस्तू वापरायला दिली जायची आणि देणारा ती मनात येईल तेव्हा परत घेऊ शकायचा. दुसऱ्याच्या मर्जीवर जे टिकतं ते डळमळीतच असणार. कंत्राटी नोकरीवर असलेल्या कुणालाही हा अर्थबदल समजावून सांगायची गरज नाही.

आणि मंडळी, हे घराणं आपल्यालाही परकं नाही. ‘प्रेकारी’चं जे आदिम मूळ भाषाशास्त्रज्ञ सांगतात, त्याच मुळातून संस्कृतचा ‘प्रच्छ्’ हा धातू आला, म्हणजे विचारणं. त्यातूनच ‘प्रश्न’ आणि ‘पृच्छा’. मराठीत त्याचं झालं ‘पुसणे’. फरशी पुसणं ते वेगळं, त्याचं मूळ निराळं. हे पुसणं म्हणजे ‘विचारपूस’मधलं. विदर्भात आजही “त्याले पुस ना बे” म्हणतात, तेव्हा बोलणारा नकळत ‘डेप्रिकेट’च्या दूरच्या नातेवाइकाशी बोलत असतो. मागणं आणि विचारणं यांत फारसं अंतर नसतं. दोन्हींसाठी समोर कुणीतरी लागतंच.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढची सगळी गंमत तिथंच आहे.

ऐकणारा गेला, नकोशी गोष्ट उरली

‘डेप्रिकेट’ इंग्रजीत आला 17व्या शतकाच्या पूर्वार्धात. तेव्हा तो धार्मिक शब्द होता. ख्रिस्ती उपासनेत एक लांबलचक सामुदायिक प्रार्थना असते. धर्मगुरू एकेक संकट उच्चारतो, वीज आणि वादळ, रोगराई, दुष्काळ, लढाई, अवचित मरण, आणि प्रत्येक वेळी जमलेले लोक एका सुरात म्हणतात की देवा, यातून आम्हाला सोडव. प्रार्थनेच्या या भागाला इंग्रजीत ‘डेप्रिकेशन्स’ असंच नाव आहे. यादी वाचली की मारबतीपुढची यादी आठवते. तिथं वादळ आणि प्लेग, इथं खोकला आणि ढेकूण.

या प्रार्थनेत तीन पात्रं आहेत. एक बोलणारा, दुसरा ऐकणारा देव आणि तिसरी ती नकोशी गोष्ट. लॅटिनमध्ये या क्रियापदाचं कर्म दोन्हींपैकी कुठलंही असू शकायचं. देवाला ‘डेप्रिकेट’ करता यायचं, म्हणजे त्याची करुणा भाकता यायची. आणि दुष्काळाला ‘डेप्रिकेट’ करता यायचं, म्हणजे तो टळावा म्हणून विनवता यायचं. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 सालच्या प्रसिद्ध इंग्रजी कोशात हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत, प्रार्थनेनं टाळणं आणि दयेची याचना करणं.

पण बोलता बोलता लोक वाक्य आखूड करतात. “दुष्काळ पडू नये म्हणून मी देवाची प्रार्थना करतो” याचं होतं “मी दुष्काळ डेप्रिकेट करतो”. देव गृहीत धरलेला असतो, म्हणून वाक्यातून गळतो. काही पिढ्यांनी जो हे वाक्य ऐकतो त्याला गृहीत धरलेलं काहीच ठाऊक नसतं. त्याला दिसतात दोनच गोष्टी, बोलणारा माणूस आणि त्याला नको असलेला दुष्काळ. तो अर्थ लावतो, याला हे आवडत नाही. झालं! प्रार्थनेची नापसंती झाली. कुणी ठरवून केली नाही, कुठल्या समितीनं मंजूर केली नाही. नापसंतीचा अर्थ तसा 17व्या शतकातच डोकावू लागला होता, पण त्याला घर मिळायला आणखी शंभर-दीडशे वर्षं गेली.

मधल्या काळात दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत होते. अब्राहम लिंकननं 4 मार्च 1865 रोजी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हाच्या भाषणात हा शब्द आहे. यादवी युद्ध संपत आलं होतं. लिंकन म्हणाला की दोन्ही बाजूंनी युद्ध ‘डेप्रिकेट’ केलं होतं, आणि तरी युद्ध आलं. आता याचा मराठी अनुवाद करून बघा. युद्धाला दोघांचा विरोध होता, असं म्हणायचं? की युद्ध टळावं अशी दोघांनीही मनोमन विनवणी केली होती, असं? त्याच भाषणात पुढे लिंकन सांगतो की दोन्ही बाजू एकाच देवाची प्रार्थना करत होत्या. ते वाचलं की दुसरा अर्थ जास्त जवळचा वाटतो. आजचे वाचक मात्र पहिलाच अर्थ घेतात आणि वाक्यातलं निम्मं दुःख हरवतं.

देव वाक्यातून गेल्यावर आणखी एक बदल झाला, आणि तो कमी महत्त्वाचा नाही. बोलणाऱ्याची जागा वर गेली. विनवणारा खाली उभा असतो, नापसंती दाखवणारा वरच्या पायरीवर. रोमन कोर्टात गुडघे टेकलेल्या आरोपीचा शब्द पार्लमेंटमध्ये कोटाची बटणं लावून बोलणाऱ्या सदस्याचा झाला. शब्दाचं स्पेलिंगही फार बदललं नाही, बदलला तो बोलणाऱ्याचा रुबाब.

मारबत आणि बडग्या

नेमका हाच प्रवास नागपुरात रस्त्यावर दिसतो, तोही दरवर्षी.

खेड्यातली मारबत म्हणजे पळसाच्या फांद्या किंवा मातीची छोटी मूर्ती. नागपुरात मात्र तिची मोठी मिरवणूक निघते. 19व्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून चालत आलेली ही परंपरा. काळी मारबत आणि पिवळी मारबत असे दोन भव्य पुतळे, जुन्या नागपुरातल्या गल्ल्यांतून ढोलताशांसह निघतात. काळ्या मारबतीचा संबंध कुणी पुतना राक्षसिणीशी लावतं, तर कुणी भोसले घराण्यातल्या बाकाबाईंशी. त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली अशी समजूत होती आणि लोकांनी तो राग असा काढला, अशी आख्यायिका आहे. इतिहास तितका सोपा नसेल, पण आख्यायिका काय सांगते ते महत्त्वाचं. रोग घेऊन जाणारी मारबत लोकांनी राजकीय राग घेऊन जाण्यासाठीही वापरली.

मग आले बडगे. मारबतींसोबत बडग्या नावाचे पुरुषी पुतळे निघतात आणि त्यांचे विषय दरवर्षी ताजे असतात. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, बेरोजगारी, रस्त्यांवरचे खड्डे, एखादा नकोसा झालेला नेता. घोषणा मात्र तीच, “महागाई घेऊन जा गे मारबत!” टीव्हीवर त्याची बातमी येते ती ‘नागपूरकरांनी बडग्यांतून निषेध नोंदवला’ अशी.

बघा, साचा तसाच आहे. “घेऊन जा” ही मूळची विनवणी. पण खोकल्याच्या जागी महागाई आल्याबरोबर ऐकणाऱ्याला त्यात विनवणी नाही, नापसंती ऐकू येते. इंग्रजीला जे करायला दोनशे वर्षं लागली ते इथं एका मिरवणुकीत, चार पावलांच्या अंतरावर होतं. पुढे पिवळी मारबत, तिच्यामागून बडग्या. एकीला लोक नारळ-फुलं वाहतात, नवस बोलतात. दुसऱ्यावर हसतात. शेवटी दोघांचीही गत तीच, गावाबाहेर दहन.

‘निषेध’ही असाच घसरत आला

नापसंतीसाठी मराठीतला सगळ्यात लाडका शब्द म्हणजे ‘निषेध’. फेसबुकवर काळी चौकट टाकून लिहिलेला ‘जाहीर निषेध!’ पाहिला नाही असा मराठी माणूस विरळा. पण या शब्दाचं पूर्वायुष्य ‘डेप्रिकेट’शी फारच जुळतं. संस्कृतमध्ये यातला ‘सिध्’ धातू हाकलण्याच्या, पिटाळण्याच्या अर्थाचा आहे. ‘निषेध’ म्हणजे दूर ठेवणं, अडवणं आणि मग मनाई. धर्मशास्त्रात ‘विधी’ म्हणजे काय करावं आणि ‘निषेध’ म्हणजे काय करू नये. मराठीत “विधिनिषेध न बाळगणे” या वाक्प्रयोगात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

हिंदीत तर तो सर्रास आहे. गोंदियातून बालाघाट किंवा राजनांदगावच्या दिशेनं निघालात की पाट्यांवर ‘धूम्रपान निषेध’, ‘प्रवेश निषेध’ दिसू लागतं. गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला हिंदीची सवय असते, त्याला काही वाटत नाही. पण पुण्यातून नागझिरा बघायला आलेला पर्यटक जर तसाच पुढे कान्हाला गेला, तर त्याला क्षणभर वाटू शकतं की कुणीतरी प्रवेशाचा निषेध करून मोर्चा काढलाय. उलट ‘सरकारचा निषेध’ हा मराठी फलक वाचून हिंदी माणसानं ‘सरकारला मनाई’ असा अर्थ घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.

मनाई करण्यासाठी अधिकार लागतो. शास्त्राला, राजाला, वनखात्याला तो असतो. ज्याच्याकडे अधिकार नाही तो मनाई करू शकत नाही, तो फक्त ‘हे होऊ नये’ असं मोठ्यानं म्हणू शकतो. मराठीत ‘निषेध’ हा शब्द अधिकार असलेल्यांकडून नसलेल्यांकडे आला आणि त्याचा अर्थ मनाईवरून नापसंतीवर उतरला. ‘डेप्रिकेट’ खालून वर चढला, ‘निषेध’ वरून खाली आला आणि दोघे एकाच पायरीवर भेटले. त्या पायरीवरून कुणाशी बोलायचं, हे मात्र दोघांनाही नीट ठाऊक नाही. ‘जाहीर निषेध’ लिहिताना नेमकं कुणाला ऐकवायचं असतं? वाक्यात त्याला जागाच नाही.

कोकणात मात्र उलटी गंगा

आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. कारण तिथं याच रस्त्यावरून एक शब्द उलट दिशेनं चालत गेलाय.

‘गाऱ्हाणं’ म्हटलं की चोरखमाऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत अर्थ एकच, तक्रार. गोपींनी यशोदेकडे कृष्णाची नेली ती गाऱ्हाणी. या शब्दाचं मूळ संस्कृतच्या ‘गर्ह्’ धातूत आहे, म्हणजे दोष देणं, निंदा करणं. ‘गर्हणीय कृत्य’ म्हणतो त्यातला. म्हणजे सुरुवातच नापसंतीनं.

पण सिंधुदुर्गात, मालवणी मुलखात, ‘गाऱ्हाणं घालणं’ म्हणजे देवापुढे प्रार्थना करणं. जत्रा असो, शिमगा असो, लग्न असो की गणपती पोहोचवणं असो, गावातला मानकरी देवासमोर उभा राहतो आणि खणखणीत आवाजात सुरुवात करतो. रवळनाथ, सातेरी, वेतोबा, जे कुणी त्या गावचं दैवत असेल त्याला हाक मारतो. लेकराबाळांना सुखी ठेव, चाकरीला मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, वाटेत काही आडवं आलं असेल तर बाजूला कर, कुणी काही वाईट चिंतलं असेल तर ते टाळ. प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय महाराजा!”

मालवणी गाऱ्हाण्याच्या रील्स आता इतक्या फिरतात की ज्यांचं कोकणाशी नातं नाही तेही ऑफिसच्या पार्टीत “व्हय महाराजा” म्हणतात. त्यांतल्या कितीजणांना लक्षात येत असेल की या शब्दाच्या पोटात दूषण आहे?

दूषणाची प्रार्थना कशी झाली असेल, याचा अंदाज करणं अवघड नाही. तक्रार कुणाकडे तरी करावी लागते. गावात जी तक्रार कुणीच ऐकत नाही, ती शेवटी देवाकडे जाते. देवापुढे तक्रार मांडणं आणि मागणं मागणं यांत फरक तो किती? “अमकं वाईट चाललंय” आणि “अमकं वाईट टळू दे”, वाक्यं दोन, भाव एकच. हळूहळू ‘काय चुकलंय’ हा भाग मागे पडला आणि ‘कोण ऐकतंय’ हा भाग पुढे आला. ‘डेप्रिकेट’मधून ऐकणारा देव निसटला म्हणून प्रार्थनेची नापसंती झाली. गाऱ्हाण्यात देव घट्ट उभा राहिला, म्हणून नापसंतीची प्रार्थना झाली.

जाता जाता तक्रारीचे आणखी दोन शब्द. ‘फिर्याद’ फारसीतून आला, तिथं त्याचा अर्थ मदतीसाठी फोडलेला टाहो. आज पोलीस ठाण्यात फिर्याद ‘दाखल’ होते, टाहोचा कागद झालाय. आणि ‘तक्रार’ अरबीतून, मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणं. सरकारी कार्यालयात एकाच कामासाठी पाचव्यांदा गेलेल्या माणसाला हे मूळ पटायला वेळ लागणार नाही.

मग आज ‘डेप्रिकेट’चं मराठी काय करायचं?

प्रश्न दिसतो तेवढा हलका नाही, कारण चूक झाली तर अर्थाचा अनर्थ होतो. बातमीत असेल तर ‘नापसंती व्यक्त केली’ पुरतं. ‘तीव्र निषेध केला’ हे फार जड होतं, कारण इंग्रजी शब्द सौम्य आहे आणि तीव्रतेसाठी त्या भाषेत वेगळे शब्द आहेत. जुन्या पुस्तकात, विशेषतः 19व्या शतकाच्या आधीच्या, हा शब्द भेटला तर आधी प्रार्थनेचा अर्थ लावून बघावा.

‘सेल्फ-डेप्रिकेटिंग’मध्ये आणखी एक घोळ आहे. स्वतःला कमी लेखणं हा अर्थ खरं तर ‘डिप्रिशिएट’ या दुसऱ्याच शब्दाचा. तो लॅटिनमधल्या ‘किंमत’ या अर्थाच्या शब्दावरून आला आणि हिशेबात आपण त्याला ‘घसारा’ म्हणतो. यंत्राची किंमत दरवर्षी घसरते तो घसारा. दोन शब्द दिसायला जुळे, म्हणून इंग्रजांनीच त्यांची गल्लत केली आणि ती इतकी रुळली की आता कुणी ती चूक मानत नाही. ‘स्वतःचीच थट्टा करणारा’ हे त्याचं मराठी सगळ्यात चांगलं.

राहिलं सॉफ्टवेअर. तिथं ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे बंद केलेलं नाही, निषिद्धही नाही. ही सोय अजून चालते, पण नव्या कामात कृपा करून वापरू नका, पुढे कधीतरी ती काढून टाकू, असा त्याचा अर्थ. मनाई करता येत नाही कारण जगभरचा जुना कोड त्यावर चाललेला असतो. म्हणून विनंती. म्हणजे फिरून फिरून शब्द पुन्हा हात जोडायला आलाच. वेबपेज लिहिण्याच्या भाषेत, एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत, अक्षरांचा रंग-आकार ठरवणारा ‘फॉन्ट’ टॅग डेप्रिकेट झाला, 1997 साली. तुमच्या मोबाइलमधल्या ब्राउझरला तो आजही समजतो.